अर्धा रोल

साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी दारव्ह्याच्या कलीम फोटोवाल्याला रोज चालायला सांगितलं. ते २००५ साल होतं. गावाबाहेरची जिनिंग बंद पडलेली. एरवी तिथं कापसाच्या गंज्या उभ्या असत. त्या नव्हत्या, म्हणून मागचं चर्च त्याला पहिल्यांदा दिसलं. मिशनच्या काळातलं, काळ्या दगडाचं, बाजूला घंटेचा बुटका मनोरा. उभा जन्म याच गावात गेला होता त्याचा.

दुसऱ्या दिवशी तो कॅमेरा घेऊन आला. झाडलोट करणाऱ्या बेबीताई पायरीवर होत्या. लग्न होऊन आल्यापासून त्या हे चर्च झाडत होत्या, पण गंज्यांमुळे ते अख्खं कधी पाहिलंच नव्हतं. आता मोकळं झालं तर डोळ्यांत काचबिंदू. बाजूचं सगळं गेलं होतं, समोरचं तळहाताएवढं उरलं होतं.

"फोटोत मावंल तेवढं दिसते अजून मले," त्या म्हणाल्या. "लवकर द्या, भाऊ."

"रोल संपला की धुवाले टाकतोच, ताई."

अर्धा रोल धुवायचा नाही, ही त्याच्या वडिलांची, गफ्फारमियांची शिस्त. एरवी एका लग्नात दोन रोल जात. त्या हंगामात कापसाचा पैसा नव्हता; लग्नं लांबली, झाली तीही फोटोविना. त्याची बायको नाहिद त्याला चिडवायची, की कॅमेऱ्याला दिवस गेलेत, बाळंत कधी होतो ते अल्लालाच ठाऊक. उरलेल्या फिल्मवर माझेच फोटो काढा, असंही ती म्हणाली. तो हसला. बेबीताईंना रोज काय सांगायचं, म्हणून त्याने चालायचा रस्ता बदलला.

दिवाळीनंतर बंजाऱ्यांच्या तांड्यावर बाबूसिंगच्या घरी लग्न निघालं आणि रोल संपला. यवतमाळहून चर्चची प्रिंट आली. इतका चांगला फोटो त्याने आयुष्यात काढला नव्हता. तो मोठा करून घेऊन गेला.

बेबीताईंनी फोटो डोळ्यांजवळ धरला, मग उन्हाकडे फिरवला. बराच वेळ. मग त्यांनी त्यालाच विचारलं, काय काय आलं आहे. तो सांगू लागला, मनोरा, दार, काळा दगड.

"काळं तं मलेबी दिसते, भाऊ."

फोटो कुठून काढला, तिथं न्या, असं त्या म्हणाल्या. हात धरून त्याने त्यांना जिनिंगच्या रिकाम्या अंगणात, पार टोकाला नेलं.

"इथून अख्खं दिसते?"

"हो."

त्या तिकडे तोंड करून उभ्या राहिल्या. चेहरा थोडा डावीकडे वळला होता. दुकानात गिऱ्हाइकाची हनुवटी सरळ करावी तसा कलीमचा हात उठला, आणि त्याने तो मागे घेतला.