कीपर कधी घ्यायचा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आणि अप्पांजवळ — म्हणजे माझ्या वडिलांजवळ — तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. सुरुवात करतो आणि क्रिकेटवरच घसरतो. मग क्रिकेटवरूनच सांगतो.

सेलूत आमचं कापडाचं दुकान आहे. थंडी सरत आली की आमच्याकडे टेनिस बॉलची लीग होते. आठ संघ, आठ कप्तान. आम्ही पैशाची बोली लावत नाही. एका रविवारी सकाळी एका जिनिंगच्या आवारात सगळे जमतात, चिठ्ठ्या टाकून कप्तानांचा क्रम ठरतो, आणि मग पाळीपाळीनं एकेकानं एकेका खेळाडूचं नाव घ्यायचं. पहिल्या फेरीत जो पहिला, तो दुसऱ्या फेरीत शेवटचा. नाव घेतलं की खेळाडू त्याचा. आणि खेळाडू समोरच बसलेले असतात, शेडच्या सावलीत — आपलं नाव कधी येतंय ते ऐकत.

या निवडीवर आम्ही वर्षभर बोलतो. सगळ्यात मोठा वाद एकच — विकेटकीपर कधी घ्यायचा? मी म्हणायचो, पहिल्यांदा. प्रत्येक चेंडू ज्याच्याकडे जातो तो माणूस आधी नको का? दत्ता म्हणायचा, कीपर संघात एकच लागतो आणि गावोगाव मिळतो. आधी फटके मारणारे घ्या, जोरात टाकणारे घ्या, कीपर मागनं बघू.

दत्ता माझा शाळेपासूनचा दोस्त. देवगाव फाट्याजवळ त्यांची शेती, फाट्यावर त्याचं मोटारपंपाचं दुकान. लीग सुरू झाली त्या वर्षी मी पहिल्याच फेरीत कीपर घेतला तर सगळे हसले. दत्तानं अगदी मागच्या फेरीत पूर्णेचा एक पोरगेला माणूस घेतला — बालाजी. मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला, कुणाला माहीत नसलेला. तो असा निघाला की बघत राहावं. यष्टीला चिकटून बसायचा, आणि चेंडू त्याच्या हातात आवाज न करता जायचा. दत्ता जिंकला.

दुसऱ्या वर्षीही जिंकला. तोवर सगळेच कप्तान त्याचं ऐकून कीपर मागं ठेवायला लागले होते. बालाजी भारी आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण जो तो म्हणत होता, थांबू अजून एक फेरी. आणि सगळे थांबलेले असताना नेमकं एक फेरी आधी दत्तानं हळूच त्याचं नाव घेतलं. हे त्याला कसं कळलं? मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत असून मला का कळलं नाही?

इथे मी अडखळतो. कारण नुसती हार असती तर मी गिळली असती. पण लोक दत्ताला फोन करून विचारायचे, यंदा कुणाला घेऊ. माझ्यासमोर विचारायचे. आणि अप्पा — अप्पांनी मला खेळाबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. दत्ता दुकानात आला की मात्र गादीवर सरकून त्याला जागा करायचे, चहा मागवायचे, आणि म्हणायचे, सांग बाबा, कसं जमवलंस. तो सांगायचा. मी समोर गिऱ्हाइकाला लुगडी उलगडून दाखवत असायचो. लुगडी दाखवताना कान दुखतात का कधी कुणाचे? माझे दुखायचे.

तिसऱ्या वर्षी निवडीच्या आठवडाभर आधी फाट्यावर चहा पिताना दत्तानं आपणहून त्याचा बेत मला सांगितला. यंदाही बालाजीला मी सहाव्या फेरीत घेणार, म्हणाला. त्याच्या आधी कुणी हात लावत नाही. सांगताना त्यानं आवाजसुद्धा बारीक केला नाही. इतका विश्वास होता — की इतका मी त्याच्या हिशेबातच नव्हतो? परतताना वाटभर मी हेच मनात घोळवत होतो.

तुम्ही म्हणाल, मग पाचव्या फेरीत तूच घ्यायचास की बालाजीला. नियमात होतं. कुणी काही म्हटलं नसतं. खरंय. पण मला नुसता बालाजी नको होता. पाचव्या फेरीत घेतला असता तर दत्तानं पाठीवर थाप मारून म्हटलं असतं, शिकलास की. मला दत्ता चुकलेला बघायचा होता. सगळ्यांदेखत.

आमच्यात मोईन म्हणून एक कप्तान आहे, मोबाइलचं दुकान चालवतो. मनानं चांगला, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. माझी सासुरवाडी पूर्णेची, त्यामुळे तिकडची खबर माझ्याकडे असणार असं सगळे धरून चालायचे. मी मोईनच्या दुकानात चार्जर घ्यायला गेलो आणि जाता जाता बोललो — बालाजीचा उजवा गुडघा गेलाय, वाईट वाटतं. एवढंच. चार्जर घेतला आणि निघालो.

दोन दिवसांनी दत्ता दुकानात आला. अप्पा जेवायला घरी गेले होते. दत्ता उभ्याउभ्याच म्हणाला, "शिवा, बालाजीच्या गुडघ्याचं खरं हाय का?"

इथे मला थांबता आलं असतं. अरे, मोईनचं काय ऐकतोस, एवढं म्हटलं असतं की संपलं असतं. दत्ता माझ्याकडे बघत होता. दुसऱ्या कुणाकडे न जाता तो माझ्याकडे आला होता.

"खरं हाय," मी म्हणालो. "मी बघितलंय. स्टेशनचा जिना उतरायला कठडा धरायलाय त्यो." आणि मग जे बोललो ते मला आजही तोंडात जाणवतं. "त्याला इचारू नको. न्हाईच म्हणंल. लय खेळायचंय बिचाऱ्याला."

ते 'बिचाऱ्याला' कुठून सुचलं मला? खोट्याला कुलूप लावल्यासारखं झालं ते. आता बालाजीनं कितीही सांगितलं असतं की मी ठणठणीत आहे, तरी त्याचं सांगणंच त्याच्याविरुद्ध गेलं असतं. दत्ता हळहळला. म्हणाला, चांगलं केलंस सांगितलंस ते.

रविवारी बालाजी सकाळच्या गाडीनं आला. शेडच्या सावलीत पुढेच बसला, मांडीवर ग्लोव्हज घेऊन. नवीन होते. आवारात कापसाचे ढीग होते, वाऱ्यानं तंतू उडायचे आणि त्याच्या केसांत बसायचे. माझी चिठ्ठी पहिली निघाली. मी गंगाखेडचा एक तडाखेबाज घेतला. टाळ्या पडल्या. पहिल्या फेऱ्यांत बालाजी निवांत होता, ज्यांची नावं निघत त्यांच्या पाठीवर थापा मारत होता. त्याला माहीत होतं आपलं नाव मागनं येतं.

सहाव्या फेरीत दत्ताची पाळी आली. बालाजी थोडा सावरून बसला. दत्तानं त्याच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं, आणि जिंतूरच्या एका कीपरचं नाव घेतलं.

मग बाकीच्यांनी आपापले कीपर घेतले. एकेक करत. माझ्या डोक्यात हिशेब असा होता की सगळे बालाजीला सोडतील आणि शेवटी मी त्याला अलगद उचलीन. पाळी आली. ओठांवर नाव होतं. मोईन माझ्याकडे बघत होता, दत्ता बघत होता. गुडघा गेलेला कीपर मी कसा घेणार? घेतला असता तर मी खोटं बोललो हे त्याच घटकेला उघडं पडलं असतं. हे मला आधी का सुचलं नाही — की सुचलं होतं आणि मी तिकडे पाहिलं नाही? मी आमच्या गल्लीतल्या एकाचं नाव घेतलं, ज्यानं आयुष्यात फारशी कीपिंग केली नव्हती.

फेऱ्या संपल्या. ज्यांचं नाव निघालं नाही असे पाचसहा जण राहिले, सगळे नवखे. आणि त्यांच्यात बालाजी. त्यानं ग्लोव्हज पिशवीत घातले, उठला, आणि एकेका कप्तानाला हात मिळवत फिरला. रुसणं नाही, विचारणं नाही. माझ्याजवळ आला तेव्हा म्हणाला, तुमची टीम चांगली झाली, दादा. मी त्याच्या शर्टावरचा कापूस झटकला. तेवढंच केलं मी त्याच्यासाठी.

दत्ताशी आमचा सामना उपांत्य फेरीत पडला. त्याच्या जिंतूरच्या कीपरकडून ऐन वेळी एक सोपा झेल सुटला आणि आम्ही जिंकलो. मी जिंकलो. अप्पा पहिल्यांदाच मैदानावर आले होते, खुर्ची टाकून बसले होते. मी घामेघूम त्यांच्याजवळ गेलो. दत्ताही आला. अप्पा दत्ताचा हात धरून म्हणाले, "तुझा कीपर कच्चा निघाला रे. न्हाईतर आज तूच होतास." माझ्याकडे त्यांनी पाण्याची बाटली दिली.

तुम्हाला काय वाटतं, तेव्हा मला पश्चात्ताप झाला? नाही. मला दत्ताचा आणखीच हेवा वाटला. हरूनही त्यानं माझं सगळं नेलं होतं.

उन्हाळ्यात मेहुणीच्या लग्नाला पूर्णेला गेलो. बाजारात बालाजी भेटला. त्यानं आग्रहानं रसवंतीत नेलं. थोडा वाळला होता. नांदेडकडच्या एका स्पर्धेत तो दरवर्षी खेळायचा, यंदा त्यांनीही घेतलं नाही, म्हणाला. गुडघ्याचं तिकडेही पोचलं होतं. मोईनच्या दुकानातून निघालेलं वाक्य रेल्वेच्या रुळावरून इतक्या लांब गेलं होतं. मग त्यानं डॉक्टरकडे जाऊन गुडघ्याचा फोटो काढून घेतल्याचं सांगितलं. काही नाही निघालं. "पर सगळेच म्हणायलेत म्हणल्यावर," तो म्हणाला, "मलाच वाटायलं, आत कायतरी असंल. रात्री दुखल्यावानी होतं कधी कधी."

रसाचा पेला माझ्या हातात होता. तो पुढे म्हणाला, "दादा, तुमी तिथलेच. कोन बोललं असंल हो असं?"

त्याच्या आवाजात संशय नव्हता. तो खरोखर विचारत होता, माहितगार माणसाला विचारावं तसं.

मी म्हणालो, लोकांचं काय, लोक काहीही बोलतात. रसाचे पैसे मी देऊ लागलो तर त्यानं देऊ दिले नाहीत.

पुढच्या वर्षीच्या निवडीला दत्ता बालाजीला स्वतः मोटारसायकलवर घेऊन आला. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. चिठ्ठी दत्ताची पहिली निघाली. त्या वर्षी तालुक्यात एक असा गोलंदाज आला होता की सगळ्यांचा त्याच्यावर डोळा होता. दत्ता उभा राहिला आणि पहिलंच नाव घेतलं — बालाजी. क्षणभर कुणाला कळेना. मग सगळे हसायला लागले. कीपर, आणि पहिल्या फेरीत, आणि तोही दत्तानं? मोईन तर खुर्चीवरून पडायचा राहिला. दत्ता हसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. बालाजी उठून त्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

दत्ताला कळलं होतं. त्यानं बालाजीला विचारलं असणार, जे विचारू नको म्हणून मी सांगितलं होतं. आणि ते कुणी सांगितलं होतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? तरी तो आजही दुकानात येतो, अप्पांच्या शेजारी बसतो, मला शिवा म्हणून हाक मारतो. एक शब्द काढत नाही. त्यानं चारचौघांत माझी लाज काढली असती तर आम्ही फिटंफाट झालो असतो. तेही तो मला मिळू देत नाही, आणि त्याच्या या मोठेपणाचाही मी हेवाच करतो. एवढं सगळं झाल्यावर, मनात शिल्लक काय, तर हेवा.

त्या वर्षी दत्ता लवकर हरला. बालाजी खेळला, पण पहिल्यासारखा नाही. मी सीमारेषेवरून बघत होतो. पूर्वी तो यष्टीमागे पाखरासारखा बसायचा, कधी बसला ते कळायचं नाही. आता प्रत्येक चेंडूआधी तो खाली बसताना उजव्या गुडघ्यावर हात ठेवतो, जरा थांबतो, आणि मग बसतो. गुडघ्याला काहीही झालेलं नाही. ती सवय त्याला मी लावली.