मायाक्काचा नांगर

नातेपुत्याच्या बाजारातून निघून निम्मी वाट सरली, तरी आमचं हसू थांबेना. बांबूला टांगलेला जुना लोखंडी नांगर आमच्या खांद्यांवर झुलत होता. पुढं माझी शेजारीण मायाक्का, मागं मी.

तिचा नवरा गेल्यापासून रान हरळीनं भरलेलं. लाकडी नांगर वरच्यावर घसरायचा. बाजारात दोन जुने लोखंडी नांगर होते, एक मोठा, एक धाकटा. जन्मभर शेरडं पारखलेल्या मायाक्कानं शेरडाचे दात बघावेत तसे दोन्ही फाळ बघितले. मग मला नांगराची मूठ धरून उभं केलं आणि स्वतः बैलासारखा ओढायचा दोर खांद्यावर घेतला! मोठा हलेना. धाकटा सुर्रकन पुढं गेला, अन् मी मातीत बसले.

"अक्का, बैल घरीच इसरलात व्हय?" विकणारा हसला.

"माझी बैलं माझ्यावानीच किडकिडीत हायती. मला वढला, तर त्यास्नी वढंल की!"

ओढ्याशी मात्र तिनं बांबू खाली टेकवला. बाईनं नांगर धरला की पाऊस रुसतो, असं आमच्या गावात मानत.

"अंबू, तुझ्या भजनाला गाव मान देतं," ती म्हणाली. "उद्या मी नांगर धरीन, तवा तू देवाचं नाव घेत बैलांम्होरं चाल, मंग कुणी आडवं यायचं न्हाय. न्हाय म्हणू नगंस."