आबांचं एकट्याचं पान

ब्लॉगला पान नसतं, हे मला आधी कोणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर मी त्या भानगडीत पडलो नसतो. ब्लॉग म्हणजे मजकुराचा उघडा नळ. बोटानं ओढत राहायचं, तो वाहत राहतो. त्याला डोकं नाही, तळ नाही, घडी नाही. मथळा कुठं तुटणार, फोटो कुठं जाऊन पडणार, हे ज्याचा त्याचा मोबाईल ठरवणार. ज्यानं अर्धं आयुष्य पानं लावण्यात घालवलं, त्यानं तिथं काय करायचं? कप्पाळ!

मी नंदुरबारला एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात पानं लावायचो. ओळखपत्रावर डिझायनर लिहिलेलं होतं, तोंडानं मात्र सगळे ऑपरेटर म्हणायचे. बातमीदार बातमी द्यायचा, उपसंपादक तिच्यावरून हात फिरवायचा आणि मग ती माझ्या पुढ्यात येऊन पडायची. धडगावचा बातमीदार तर घाटात रेंज मिळेल तिथं जीप थांबवून फोटो पाठवायचा, त्यातले निम्मे हललेले. या सगळ्या पसाऱ्यातून सकाळी हातात धरावंसं वाटेल असं पान काढायचं, हे माझं काम. पानाच्या मधोमध काय ठेवायचं यावरून माझी रोज कोणाशी तरी जुंपायची. माझं म्हणणं एकच असायचं, वाचणाऱ्याची नजर आधी मध्यावर पडते, तिथं फालतू काही लावू नका. लोक वैतागायचे, पण बहुतेक वेळा ऐकायचे.

मग एके दिवशी वरून निरोप आला की जिल्ह्याची पानं यापुढं नाशिकलाच लागतील. ठरलेले साचे आहेत, बातमी टाकली की पान आपोआप तयार. तुम्हाला यायचं तर या. मी म्हटलं, साच्यात बातम्या ओतायला मी काय वीटभट्टीवर आहे? असं बोलून मी बाहेर पडलो. बोलताना फार बरं वाटलं. शहाद्याच्या बसमध्ये बसल्यावर तेवढं वाटेना.

शहाद्याला घरी आबा होते, माझे वडील. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर त्यांची नोकरी झाली. उसाच्या गाड्या मोजून घरी आले की हातपाय धुऊन पेपर घ्यायचे आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या पानाखालच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचे. मी पानं लावायला लागल्यापासून त्यात एक भर पडली. पेपर हातभर लांब धरून आधी नुसते बघायचे, मग वाचायचे. कधी त्यांच्या अहिराणीत म्हणायचे, "आज फोटू मोठा शे." त्यांच्याकडून एवढं मिळालं की मी दिवसभर तरंगायचो. आई गेल्यावर तर पेपर हेच आमचं बोलणं होतं.

नोकरी सोडून आलो तेव्हा आबा नुसतं 'बरं' म्हणाले आणि दाराच्या चौकटीकडे बघत राहिले. त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना ते चौकटीकडेच बघायला लागले. जेवताना, चहा घेताना, मी समोर बसलो तरी नजर चौकटीवर. मला ते फार लागलं. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो, भांडून मोकळा झालो असतो. पण तोंडाकडेच बघायचं नाही म्हणजे काय? बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, घर तिच्यावर चाललं होतं. ती म्हणाली, "अहो, त्यांचं वय झालंय, तुम्ही उगाच मनाला लावून घेता." मी म्हटलं, वय झालं की माणूस चौकटीशी बोलतो का?

ब्लॉग त्याच रागातून निघाला. पानं कशी लागायची, मथळा कसा छाटायचा, मेलेल्या माणसाचा फोटो पासपोर्टचा असेल तर तो चौकटीत कसा बसवायचा, असलं लिहायला लागलो. खरं सांगतो, मन लावून लिहायचो. वाचणारे? एकानं खाली लिहिलं, लग्नपत्रिका करून मिळेल का. दुसऱ्यानं विचारलं, यंदा उसाला तोड कधी येणार. जुन्या ऑफिसातल्यांनी अंगठे दाखवले, वर केलेले, पण वाचल्याची खूण एकाकडूनही नाही. मी नीट कॉलम पाडून लावलेला लेख मोबाईलवर एकाखाली एक ओतला जायचा. बघून जीव जळायचा.

एका सकाळी आबांनी चौकटीला विचारलं, "तुन्हा पेपर कोठे शे?"

मी म्हटलं, "आबा, तो पेपर नाही, ब्लॉग आहे. मोबाईलवर असतो."

"कागदवर नही?"

"नाही."

"मंग तो काय पेपर शे?" असं म्हणून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

राग यायला हवा होता, पण मला एकदम आनंदाची उकळीच फुटली. आबांना माझं वाचायचं होतं! जगात कोणाला नाही, पण आबांना हवं होतं. मी संगणकावर बसलो आणि ब्लॉगवरचा लेख घेऊन चक्क पान लावलं. वर नाव, मधोमध मोठा मथळा, त्याखाली मुख्य मजकूर, कडेला चौकटी. कितीतरी दिवसांनी हात सरळ चालले. एसटी स्टँडजवळ चाचांचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यांच्या वडिलांपासूनचं. तिथं मोठ्या कागदावर छापायला गेलो.

"किती कॉप्या?" चाचांनी विचारलं.

"एक."

"पेपर काढला आणि एकच कॉपी? काय राव, वाचणार कोण?"

"आबा."

चाचा हसले नाहीत. त्यांनी कागद बदलून जाड घातला. मग दर आठवड्याला माझं हेच सुरू झालं. ब्लॉगवर टाकायचं, मग आबांसाठी पान लावायचं. खरा जीव पानातच असायचा, ब्लॉगवर टाकणं निमित्तापुरतं. आबा ओट्यावर बसून पान उलगडायचे, हातभर लांब धरायचे. बराच वेळ धरायचे. काय वाटलं ते सांगायचे नाहीत, पण मी त्यांच्या मागं उभा राहून तेवढ्यावरही खूश असायचो.

एकदा मात्र बोलले. "मधमा काही छापेल नही."

मी पान बघितलं. मथळा होता, मजकूर होता, सगळं जागच्या जागी. मी म्हटलं, "आहे की, आबा."

"नही शे," आबा म्हणाले आणि पान घडी करून मांडीवर ठेवलं.

झालं, माझं डोकं फिरलं. मला वाटलं, छपाई उन्हात उडाल्यासारखी फिकी दिसत असणार. तडक चाचांकडे जाऊन भांडलो. तुमचं मशीन मध्यावर शाई सोडत नाही, पानाची वाट लावली, वगैरे. चाचांनी पान दुकानाबाहेर उजेडात नेलं, उलटसुलट केलं. "भाई, छपाई झकास आहे. आबांचे डोळे दाखव एकदा."

डोळे! तरी मी काय केलं? डॉक्टरकडे न्यायच्या आधी दुसरं पान लावायला बसलो. आबांना मधलं दिसत नाही ना, मग मध्यावर काही ठेवायचंच नाही. सगळा मजकूर कडांना नेला. मथळा डाव्या कडेला उभा, लेख उजव्या कडेला, खाली एक पट्टी, आणि मधे भलीमोठी कोरी जागा. ऑफिसात असं पान लावलं असतं तर बाहेर काढलं असतं मला. पण मला ते आजवर लावलेलं सगळ्यात हुशारीचं पान वाटलं. डिझायनरचं डोकं ते, त्याला सगळे प्रश्न पानावरचेच वाटतात.

आबांनी ते लांब धरलं. मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. कागद वर केला, खाली केला. मी मागं उभा. मनात म्हणत होतो, वाचा हो, एक तरी शब्द वाचा.

"आते कडले बी काही नही," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच भीती होती.

नंदुरबारच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग म्हणाले, दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. चष्म्यानं यात काही होणार नाही, शस्त्रक्रिया नाही, औषधानं गेलेलं परत येणार नाही. मी त्यांना माझ्या कोऱ्या मध्याच्या पानाबद्दल सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. ते म्हणाले, "अहो, डाग पानावर नाही, नजरेत आहे. ते जिथं बघतील तिथं तो आधी जाऊन बसणार. कडेला बघितलं की कड जाणार." एवढी साधी गोष्ट, आणि मी कॉलम सरकवत बसलो होतो.

निघता निघता डॉक्टर म्हणाले, "घरी बोलताना ते तुमच्या बाजूला कुठंतरी बघत असतील ना? बघू द्या. तुमच्या शेजारी बघितलं तरच तुम्ही त्यांना थोडेफार दिसता."

बसमध्ये आबा खिडकीशी बसले होते. बाहेर केळीचे मळे जात होते. मी विचारलं, "आबा, मी नोकरी सोडून आलो तेव्हापासून तुम्ही त्या चौकटीकडे बघता. मला वाटलं, तुम्हाला माझं तोंड बघायचं नाही."

आबांनी माझ्या कानापलीकडे, पुढच्या सीटच्या दांड्याकडे नजर लावली. "येडा शे का तू? तुन्हाकडेच देखी ऱ्हायनू मी."

मी रडलो. गच्च भरलेल्या बसमध्ये, बायामाणसांसमोर. कंडक्टर तिकीट विचारायला आला तो तसाच पुढं गेला.

इथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण डोळे माझ्यासाठी थांबणार होते थोडेच? डॉक्टरांनी बाजूनं बघून वाचायचा सराव सांगितला होता. मी अक्षरं मोठी केली. आबा मान तिरकी धरून एकेक अक्षर कडेनं पकडायचे, शब्द पुरा होईतो आधीचं विसरायचे. मी अक्षरं आणखी मोठी केली. लेखाचा परिच्छेद झाला, परिच्छेदाची ओळ झाली, शेवटी एका पानावर मथळ्यातले दोन शब्द मावायला लागले. दोन शब्दांच्या पानावर मी काय डिझाईन करणार? चाचा ते मुकाट छापून द्यायचे. एकदा कागद माझ्या हातात ठेवताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

एका सकाळी आबांनी पान उलगडलंच नाही. "मान दुखस," म्हणाले. मी म्हटलं, "थोडं थोडं बघा, आबा. डॉक्टर म्हणाले ना, सवय होईल."

"देखीसन काय करनं शे?" ते म्हणाले. चिडून नाही, अगदी सहज. "तू वाच. मी आयकस."

तेव्हापासून मी वाचतो. ब्लॉग बंद केलेला नाही. काहीतरी टाकलं नाही तर आबांना वाचून काय दाखवू? पान लावणं मात्र सुटलं. ऐकणाऱ्याला कॉलम कशाला हवेत? ऑफिसातनं बाहेर पडलो तेव्हा वाटलं होतं, नोकरी गेली, हातातलं काम तर माझंच आहे. आता तेही गेलं, आणि हे कोणाला सांगावं असं कोणी नाही. आबा ऐकतात, मधेमधे हं म्हणतात. कधी त्यांचा डोळा लागतो, तरी मी लेख पुरा करतो.

परवा शेजारचे काका ओट्यावर टेकले होते. मी वाचून दाखवत होतो. ते म्हणाले, "भाग्यवान आहेस रे. कसे ऐकतात बघ आबा. तुझ्या तोंडावरची नजर हलत नाही त्यांची."

मी पुढं वाचायला लागलो. काय सांगणार त्यांना? चौकटीकडे बघणं आबांनी कधीच सोडून दिलंय. मान दुखते, दमायला होतं, आणि माझा आवाज तर येतोच. म्हणून हल्ली मीच माझं स्टूल सरकवतो. ते समोर रस्त्याकडे तोंड करून बसलेले असतात, तेव्हा मी बाजूला, दाराशी, चौकटीला टेकून बसतो. म्हणजे निदान वाचायला सुरुवात करेपर्यंत मी त्यांना कडेनं थोडा दिसत असेन. मग मी तोंड उघडतो. आबा आवाजाकडे मान वळवतात, माझ्याकडे सरळ बघतात, आणि मी त्यांना दिसेनासा होतो.