भरीव आवाज

गेल्या उन्हाळ्यात माझ्या टेबलावर दोन यंत्रं होती आणि त्यांच्यापायी मला एका जागी बसवत नव्हतं. दोन्ही हेडफोनचे ॲम्प्लिफायर. एक खिशात मावणारा, बॅटरीवरचा. दुसरा जाडजूड, भिंतीतल्या प्लगवर चालणारा, पुढं मोठं गोल बटण असलेला. काम दोघांचं एकच, लॅपटॉपमधून येणारा बारीक सिग्नल वाढवून हेडफोनला द्यायचा. यातल्या कुणाचा आवाज चांगला, हे ठरवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं.

मी नांदेडला एका कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. हेडफोनचा नाद असलेल्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यात मी कुठलंही यंत्र हाती आलं की त्याच्या आवाजाबद्दल लिहितो. लोक वाचतात, प्रश्न विचारतात, काहीजण माझ्या शब्दावर खरेदीही करतात. टेबलावरच्या ॲम्पबद्दल मी लिहिलं होतं की त्याचा आवाज भरीव आहे, गाणाऱ्याच्या छातीतून येतो. त्याच्यापुढं खिशातला अगदी पातळ वाटतो. हे लिहून मोकळं व्हायला हवं होतं, पण झालो नाही. कॉलेजातून आलो की चहा घ्यायच्या आधी हेडफोन कानाला. पिन यातून काढ, त्यात घाल. पुन्हा काढ. फरक ऐकू यायचा, पण तो नेमका कशात आहे ते चिमटीत धरता यायचं नाही. मग पुन्हा पिन काढायची.

पारखायला मी एकच रेकॉर्डिंग वापरायचो, आईचं. आई तरुणपणी आमच्या वस्तीत जयंतीला गाणाऱ्या बायकांमध्ये पुढं असायची. तिनं स्वतः जोडलेला एक पाळणा आहे. दोन वर्षांपूर्वी तो मी मधल्या खोलीत चांगल्या मायक्रोफोनवर घेतला होता. यंत्र पारखायला याहून चांगली वस्तू मला सापडली नाही, कारण खरा आवाज शेजारच्या खोलीत भाजी निवडत बसलेला असायचा.

एप्रिलच्या सुरुवातीला लातूरहून एका सभासदाचा निरोप आला. साठीचे गृहस्थ, लिंगायत, भांड्यांचं जुनं दुकान. ग्रुपवर सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. त्यांनी लिहिलं होतं, ‘सर, माझ्याकडं बी तोच टेबलावरचा हाय. तुम्ही म्हणता ते भरीवपण मला काही ऐकू येईना. मी खोटं म्हणत न्हाई. एकदा लातूरला या, न बघता ऐकू.’

मला राग आला. म्हटलं, भांडी विकणारा माणूस मला कान शिकवणार. मग स्वतःचीच लाज वाटली. दोन दिवस निरोप तसाच ठेवला आणि रविवारी सकाळच्या बसनं निघालो. खिशातला ॲम्प आणि हेडफोन स्टीलच्या डब्यात फडक्यात गुंडाळून घेतले होते; लॅपटॉप आणि आवाजाची पातळी मोजायचा मीटर पाठीवरच्या पिशवीत होता. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही.

अप्पांचं घर दुकानाच्या वरच होतं. कपाळाला विभूती, अंगात बंडी, बोलणं सावकाश. त्यांनी आधी मला जेवायला बसवलं, मग लाकडाची एक छोटी पेटी दाखवली. दोन्ही ॲम्प त्या पेटीला जोडायचे, हेडफोनही तिलाच. वरची कळ इकडं केली की एक वाजतो, तिकडं केली की दुसरा. पेटी पडद्यापलीकडं अप्पांच्या बायकोच्या, काकूंच्या हातात राहणार होती. काकू नाणं उडवून कळ फिरवणार आणि कुठला वाजतोय ते कॅलेंडरच्या फाटक्या पानामागं लिहून ठेवणार.

“आवाज सारखा करून घ्या सर,” अप्पा म्हणाले. “मीटर आणलाय न्हवं?”

आणला होता. दोघांतला एखादा थोडा जरी मोठ्यानं वाजला, तरी कानाला तोच चांगला वाटतो. हे मी ग्रुपवर दहा जणांना समजावलं असेल. पण घरी स्वतः ऐकताना मीटर कधी लावला नव्हता, कानानंच अंदाजे सारखं करायचो. आता अप्पांच्या समोर मीटर लावून दोन्ही बरोबर केले.

सोळा वेळा ऐकायचं आणि दर वेळी कुठला वाजतोय ते सांगायचं ठरलं. पहिल्या दोन वेळा मी लगेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा थांबलो. आईचा पाळणा सुरू होता, तिचा श्वास ऐकू येत होता, बांगडी एकदा वाजते तीही ऐकू येत होती. पण मी शोधत होतो ते भरीवपण कधी आहेसं वाटे, कधी नाहीसं. मी डोळे मिटले, पुन्हा उघडले. “काकू, कळ फिरवली का?” मी विचारलं.

“ते सांगायचं नसतंय,” पडद्यामागून काकू म्हणाल्या.

शेवटी पान बघितलं. सोळापैकी माझी नऊ बरोबर. डोळे झाकून नुसतं काहीही बोललो असतो तरी तेवढीच आली असती. त्यानंतर अप्पा बसले, त्यांची सात आली. ते हसले नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. नुसते म्हणाले, “दोन्ही चांगलीच हायत सर. वाईट कुठलंच न्हाई.”

“पण माझ्या घरी फरक ऐकू येतो, अप्पा.”

“मग ही पेटी घेऊन जा. घरी बी करून बघा.”

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो होतो, पण बाहेर काय गेलं ते मला सांगता येणार नाही. दोन वर्षांत ज्यांच्याबद्दल लिहिलं ते एकेक यंत्र आठवत होतो. कुणाला पातळ म्हटलं होतं, कुणाला धारदार. लोकांनी माझं ऐकून वस्तू घेतल्या होत्या. मला जे ऐकू आलं होतं ते खरंच आलं होतं, की यंत्राचा आकार आणि वजन बघून माझंच मन भरत होतं? अहमदपूरला लोक चहाला उतरले. मी डबा उघडून हेडफोन आहे ना ते बघितलं, झाकण लावलं, पुन्हा उघडून बघितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको शाळेतून आली. ती मुदखेडला प्राथमिक शिक्षिका आहे, रोज रेल्वेनं जाते-येते. तिनं तोंड धुवायच्या आत मी तिच्या हातात पेटी दिली. तिनं माझ्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं आणि खुर्ची वळवून पाठमोरी बसली. मीटर लावून आवाज सारखे केले आणि पुन्हा सोळा वेळा.

पंधरा बरोबर आली.

मी खुर्चीवरून उठून खोलीभर फिरलो. बायकोला पान पुन्हा मोजायला लावलं. मग अप्पांना फोन केला आणि सांगितलं की माझे कान ठीक आहेत, आकडा समोर आहे.

अप्पांनी आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला. मग म्हणाले, “हेडफोन तोच, गाणं तेच, ॲम्प बी तसलाच. हितं फरक न्हाई, तिथं हाय. म्हंजी फरक ॲम्पात न्हाई सर. तुमच्या घरात काहीतरी हाय.”

फोन ठेवला आणि माझा सगळा आनंद गेला. ते खरंच बोलत होते. फिजिक्सच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं. तो आठवडा मी वाईट काढला. लॅपटॉप बदलला, वायर बदलली, टेबल भिंतीपासून ओढून मधोमध आणलं. जेवताना उठून जायचो. बायकोनं दोनदा काहीतरी सांगितलं, मी हो म्हटलं. काय सांगितलं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

रविवारी दुपारी आई दारात येऊन उभी राहिली. “महिना झाला माझंच गाणं ऐकून राहिलास,” ती म्हणाली. “मला बी ऐकव की एकदा.”

तिला मी ते कधी ऐकवलंच नव्हतं. रेकॉर्ड करून दोन वर्षं झाली होती.

मी तिला खुर्चीवर बसवलं, पदर सारखा करून हेडफोन घातला आणि टेबलावरचा ॲम्प सुरू केला. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. गाणं सुरू व्हायला वेळ होता; रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ती घसा साफ करून थांबते, तेवढी जागा मी ठेवली आहे. त्या जागेतच ती म्हणाली, “पंखा बंद कर.”

“बंदच आहे, आई.”

“हितला न्हाई. गाण्यातला. मी तुला तवाच म्हणले होते पंखा बंद कर म्हणून.”

पंखा तेव्हाही बंदच होता. मीच केला होता, घाम पुसत पुसत आम्ही ते रेकॉर्डिंग केलं होतं. मी तिच्या कानावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला आणि गाणं थांबवलं. काहीच वाजत नसताना मी त्या यंत्राला कधी ऐकलं नव्हतं. खाली एक घुमणं होतं. मंद, जाड, एकसारखं, लांब कुठंतरी गिरणी चालू असावी तसं. पिन काढून खिशातल्यात घातली. तिथं शांत. परत टेबलावरचा. घुमणं.

माझं भरीवपण ते होतं. आईच्या आवाजाखाली विजेचा गुंजारव अंथरलेला होता आणि मी त्याला छातीतून येणारा आवाज म्हटलं होतं.

बॅटरीवरच्यात नाही, भिंतीतल्या प्लगवरच्यात आहे, म्हणजे खोट घरच्या अर्थिंगमध्ये असणार. गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्यानं होल्डरला लावलेला बल्ब आणला, त्याची एक वायर फेजला धरली आणि दुसरी अर्थिंगला. बल्ब लुकलुकला, पण नीट पेटला नाही. मग त्यानं मागं न्हाणीजवळची फरशी उचलली. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती भेगाळून पांढरी पडली होती.

“शेवटचं पाणी कधी घातलं होतं?” त्यानं विचारलं.

मला आठवेना.

“घरात कुठं झिणझिण लागते का?”

मी नाही म्हणणार, तेवढ्यात माझी बायको दारातून बोलली. “फ्रिजला लागते. होळीपासून. मी चप्पल घातल्याशिवाय उघडत नाही. आईंनाही सांगून ठेवलंय.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तीनदा सांगितलं,” ती म्हणाली. “तुमच्या कानाला ते होतं.”

ती रागानं बोलली नाही. वायरमननं माझ्याकडं बघणं टाळलं आणि दोन बादल्या पाणी मागितलं. पाणी मातीनं घटाघटा पिऊन टाकलं. थोड्या वेळानं बल्ब जरा उजळ झाला. “हे आजच्यापुरतं,” तो म्हणाला. “उद्या खड्डा नव्यानं करू. कोळसा, मीठ, नवीन प्लेट. अन् तोवर फ्रिज बंद ठेवा मास्तर. एखाद्या दिवशी ओल्या हातानं धरला असता कुणी.”

त्या दिवशी मी हेडफोनला हात लावला नाही. फ्रिज रिकामा करायला बायकोला मदत केली. दूध शेजारी नेऊन दिलं. एकदा आई न्हाणीतून ओले पाय घेऊन स्वयंपाकघरात गेली, तर फ्रिज बंद असूनही मी धावत मागं गेलो. “काय झालं?” तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही.

नवा खड्डा झाला, बल्ब लख्ख पेटला, फ्रिजची झिणझिण गेली. चार दिवसांनी बायकोनंच पेटी काढून समोर ठेवली. “घ्या, नाहीतर तुम्ही असेच फिरत राहाल,” म्हणाली. सोळापैकी आठ आली.

ग्रुपवर मी सगळं लिहिलं. लातूरला काय झालं, घरी काय झालं, घुमण्याला मी भरीव कसं म्हटलं, सगळं. हेही लिहिलं की आधीची मतंसुद्धा मी मीटर न लावता, बघत बघत दिली होती, तेव्हा त्यांच्यावर फार विसंबू नका. काहींनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकानं लिहिलं, आता तुमचं कशाला वाचायचं. दुसऱ्यानं विचारलं, मग सर, दोन्हींपैकी घेऊ कुठला? मी त्याला कळवलं, आधी घरचं अर्थिंग बघून घे. त्याला ती थट्टा वाटली असावी.

अप्पांनी मात्र फोन केला. म्हणाले, “माझा टेबलावरचा मी ठेवणार हाय. खिशातल्यापेक्षा भारी न्हाई हे ठावं हाय आता. पण त्याचं बटण फिरवायला लई बरं वाटतंय.” मी म्हटलं, हे तुम्ही ग्रुपवर लिहा. ते म्हणाले, “तुम्हीच लिहा. तुम्हाला लिहिता येतंय.”

आईला मी पाळणा पुन्हा ऐकवला, या वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुठला ॲम्प होता ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ऐकून झाल्यावर तिनं हेडफोन काढून ठेवला आणि तोंड वाकडं केलं. “दुसऱ्या कडव्यात सूर सोडलाय मी. दोन वर्षं हेच ऐकलंस? कुणी बी सांगितलं असतं.”

मी ते ऐकलंच नव्हतं. पाचशे वेळा तरी ते कडवं वाजवलं असेल.

“पुन्हा घे,” ती म्हणाली. “आत्ताच घे, घसा मोकळा हाय.”

मे महिन्याची दुपार होती. बायकोनं फ्रिज भिंतीवरच्या बटणापासून बंद केला, खिडक्या ओढल्या, पंखा थांबवला आणि स्वतः दाराशी उंबऱ्यावर बसली. मी मायक्रोफोन लावला, मीटरकडं बघून बघून पातळी ठरवली, पुन्हा बदलली, आणखी एकदा बदलली. “झालं का?” आईनं विचारलं. मी मान हलवली. तिनं घसा साफ केला, डोळे मिटले आणि पहिली ओळ उचलली. आवाज दोन वर्षांपूर्वीपेक्षा थोडा कापरा होता, पण जागेवर होता. दुसरं कडवं येण्याआधी ती अचानक थांबली.

“पाय हलवू नको,” डोळे न उघडताच ती म्हणाली.

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय फरशीवर तालाबिलाचा काही संबंध नसताना नुसता हलत होता. मी तो दुसऱ्या पायाखाली दाबून धरला आणि आईनं पाळणा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.