घळीतली आरोळी

आमच्या धुरपदाबाईला लोक भांडखोर म्हणायचे. होतीच ती. पण सातपुड्याच्या पायथ्याला पाच म्हशी सांभाळणाऱ्या बाईचं गोड बोलून भागतं का? तुम्ही करून दाखवा.

गावातून वरच्या तलावाकडे वाटा दोन. एक डोंगराला वळसा घालून, दुसरी घळीतून, जवळची. घळ इतकी अरुंद, की म्हैस आत शिरली की तिला मागे वळता येत नाही. म्हणून आमच्याकडची रीत अशी, की शिरण्याआधी आरोळी द्यायची. आत कुणी असेल त्यानं ओ द्यायची, मग दुसऱ्यानं बाहेर थांबायचं.

धुरपदाबाईचा नवरा लीलाधर आणि धाकटा दीर जीवराम यांची बांधावरून जुंपलेली. जीवरामानं तिच्या वासराचा पाय मोडला, लीलाधरानं त्याची केळीची उभी बाग कापून काढली. तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला. समोर मेला तरी बोलायचं नाही.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात दोघे भाऊ तलावावर समोरासमोर आले. पाण्यावर आधी बैल कुणाचे, एवढ्यावरून काठ्या चालल्या. जीवरामाची काठी लीलाधरच्या डोक्यात बसली आणि तो चिखलात आडवा झाला. रक्त बघून जीवरामाची सगळी मस्ती उतरली. भावाला पाठीवर घेऊन तो फैजपूरच्या दवाखान्यासाठी घळीकडे पळत सुटला. तोंडाशी त्यानं आरोळी दिली.

धुरपदाबाई खालच्या अंगानं म्हशी घेऊन आधीच आत शिरली होती. आवाज तिनं ओळखला. "ह्या मेल्याले ओ देऊ?" असं पुटपुटून तिनं दात आवळले. त्यानं पुन्हा आरोळी दिली. ती गप्पच. घळ रिकामी समजून तो आत घुसला.

वळणावर पुढच्या म्हशीला रक्ताचा वास आला. ती बिथरली, तशा मागच्याही उधळल्या. जीवराम दगडावर आपटला, त्याच्या बरगड्या मोडल्या, लीलाधर खाली पडला. पाचही म्हशी त्याच्यावरून गेल्या. धुरपदाबाई किंचाळत, म्हशींना झोडत पोचली तेव्हा नवऱ्याच्या छातीचा चेंदा झाला होता.

जीवरामाला बाजेवर घालून आम्ही चौघांनी आणलं. वाटेत तो रडत मला म्हणाला, "पाठीवर बोलत होता रे तो. हळू पळ जीवा, म्हने."

फौजदार आला. लोकांचा गराडा पडला होता. त्यातून धुरपदाबाई डोक्यावरचा पदर न सावरता थेट बाजेपाशी गेली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती दिराशी बोलली.

"भाऊजी, खरं सांगा. घळीत शिरले तव्हा ते जिवंत होते का?"

जीवरामानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "तलावावरच गेला होता तो. माह्या काठीनं." मग फौजदाराकडे वळून त्यानं तेच पुन्हा सांगितलं, आणि त्यापायी सात वर्षं आत बसला.