नेनीच्या लेकराचं कापड

नेनी भात मुद्दाम करपवायची. आपल्याकडे भात लागला की बाई आधी गॅस बंद करते आणि मग त्याचा दोष कुणावर ढकलता येईल ते बघते. नेनी मात्र बुडाला भात लागेपर्यंत शेगडीपाशी उभी राहायची, वास आला की मान हलवायची, वरचा पांढरा भात काढून घ्यायची आणि तळाच्या खरवडीवर पाणी ओतून ते उकळायची. जेवताना पाणी म्हणून तेच प्यायचं. टेक्सासमधल्या अर्विंगला आमच्या अपार्टमेंटच्या स्मोक अलार्मला हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तो दर दोन-तीन दिवसांनी कोकलायचा आणि सहा फुटांना जेमतेम कमी भरेल अशी ही गोरी म्हातारी टॉवेल घेऊन दारात यायची आणि धूर बाहेर हाकलायची.

आमची ओळख त्या धुरातच झाली. आम्ही शेजारच्या दारात नुकते राहायला आलो होतो. मंदीचे दिवस होते. माझा नवरा अविनाश बेंचवर होता, म्हणजे कंपनीत होता पण हाताला काम नव्हतं, आणि मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरीची परवानगी नाही म्हणून घरात. मला वाटलं आग लागली, म्हणून मी धावत गेले. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "ये आत. जेवण तयार आहे." पालेभाजीत शिजवलेलं मटण, डोंगराएवढा भात आणि पेल्यात ते तपकिरी पाणी. मी एक घोट घेतला.

"कसं लागतंय?" तिने विचारलं.

"करपल्यासारखं."

"मग जमलंय," ती समाधानाने म्हणाली आणि माझा पेला पुन्हा भरला.

नेनी म्हणजे मलागासी भाषेत आई. लग्न झाल्या झाल्या ती आणि तिचा नवरा मिशनरी म्हणून मादागास्करला गेले, तिथल्या डोंगराळ मुलखात एका गावी राहिले आणि केस पांढरे झाल्यावर परत आले. त्या गावाने तिला नेनी म्हटलं ते कायमचं. आमच्याकडे अशा बाईला मडम म्हणतात. मी भंडाऱ्याकडची, तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. आमच्या चर्चच्या भिंतीवर जुन्या मडमांचे फोटो आहेत, उंच कॉलर आणि ताठ मान. मायदेशी परतल्यावर मडमचं काय होतं हे त्या फोटोंत दिसत नाही. ते मला अर्विंगला दिसलं. भाड्याची एक बेडरूम, घडीचं टेबल, दुखरे गुडघे आणि आपल्याच देशात पाहुण्यासारखं वावरणं. दुकानात बिस्किटांची अख्खी भिंत बघून ती गोंधळून जायची आणि काहीच न घेता परत यायची.

कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये तिला मादागास्करवर बोलायला बोलवायचे. अविनाश तिला आणि तिच्या स्लाइड्सच्या पेटीला गाडीतून सोडायचा. बेंचवरच्या माणसाला तेवढंच काम. परतताना ती डोळे मिटून बसायची.

"काय विचारलं लोकांनी?" तो विचारायचा.

"तिकडे साप होते का, आणि आम्ही किती जणांना तारलं."

"मग काय सांगितलंस?"

"साप होते म्हणून सांगितलं."

एकदा अशीच दमून आली आणि आमच्या सोफ्यावर बसकण मारून म्हणाली, "थकणं पाप आहे का, ते मी शास्त्रात शोधून पाहिलंय. कुठेही लिहिलेलं नाही." व्हिसाची, कामाची, फोनची वाट बघून बघून आम्ही दोघंही त्या वर्षी पार शिणलो होतो. मला त्या वाक्याने किती बरं वाटलं ते तिला कधी सांगितलं नाही.

तिचा नवरा चर्चचा धर्मगुरू, म्हणून आमच्या भाषेत पाळकसाहेब. ते जवळच्याच नर्सिंग होममध्ये होते. त्यांचं सगळं विस्मरणात गेलं होतं. ते जन्मले तेही मादागास्करला, मिशनऱ्याच्याच घरात. मलागासी दाईच्या कडेवर बसून ते बोलायला शिकले, त्यामुळे त्यांचे पहिले शब्द मलागासी. आता मागून आलेलं इंग्रजी पुसलं गेलं होतं आणि ते पहिले शब्द तेवढे उरले होते. तिथल्या नर्सबायांना वाटायचं, म्हातारा उगीच काहीतरी बडबडतो. नेनी रोज दुपारी बसने जायची आणि त्यांच्याशी त्या भाषेत बोलत बसायची. ते कधी हसायचे, कधी "तुम्ही कोण?" असं अदबीने विचारायचे.

रविवारी हेरी यायचा. हेरी मलागासी, नेनीच्याच गावचा, डॅलसला एका हॉटेलात नोकरीला. त्याची आत्या रासुआ हिने नेनीची दोन्ही मुलं अंगाखांद्यावर वाढवली होती. जेवण झालं की आम्ही चर्चमधली गाणी म्हणायचो. तो मलागासीत, मी मराठीत, नेनी इंग्रजीत. शब्द एकमेकांना ठाऊक नसायचे, पण चाल तीच असायची, त्यामुळे कुणाचं काही अडायचं नाही. अविनाशला सूर लागत नाही. तो भांडी घासायचा.

दोन्ही मुलं असं मी म्हणाले खरं, पण मला एकच माहीत होती, रूथ. ती डॅलसलाच राहायची आणि घाईत असायची. दुसऱ्याचं मला एका ईस्टरला कळलं. मी आईची कोशाची साडी नेसले होते. कोसा म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडचं रानरेशीम, मातकट तांबूस, हाताला किंचित खरबरीत. नेनीने माझा पदर धरला तो सोडेचना.

"असलं कापड तिकडे मेलेल्यांना देतात," ती म्हणाली.

सणासुदीला हे काय बोलणं, असं मला वाटलं. मग तिने टिमीचं सांगितलं. टिमी तिचा धाकटा, चार वर्षांचा. तापाने गेला. पावसाळा होता, रस्ता वाहून गेला होता, मिशनची दफनभूमी डोंगरापलीकडे. तेव्हा रासुआच्या घरच्यांनी आपल्या घराण्याची दगडी कबर उघडली. "आमच्या चुलीवरचं जेवलाय, तो आमचाच," एवढंच ते म्हणाले. त्या लोकांत परक्याला आपल्या कबरीत जागा देणं याहून मोठं काही नाही.

पण त्यांची एक रीत आहे. दर काही वर्षांनी कबर उघडायची, आतल्या सगळ्यांना बाहेर आणायचं, जुन्या कापडावर नवं रेशमी कापड गुंडाळायचं, त्यांना खांद्यावर घेऊन गात नाचायचं, गावजेवण घालायचं आणि मग पुन्हा आत निजवायचं. मेलेल्यांना थंडी वाजते, असं ते म्हणतात. पाळकसाहेबांना ही रीत अजिबात मान्य नव्हती. गेलेला माणूस प्रभूजवळ आहे, हाडांना कसली थंडी, असं ते वेदीवरून सांगायचे. जो ही रीत करील त्याला प्रभुभोजन नाही, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकर आणि द्राक्षारस नाही. आणि माझ्या मुलाला कुणी हात लावायचा नाही.

रासुआच्या घरच्यांनी रीत सोडली नाही आणि चर्चही सोडलं नाही. शेवटच्या बाकावर बसायचे, सगळ्यांत मोठ्याने गायचे आणि प्रभुभोजनाच्या वेळी खाली मान घालायचे. पण टिमीला त्यांनी कधी हात लावला नाही. पाळकसाहेबांचा शब्द होता. एकदा रासुआने नेनीला सांगितलं, "सगळ्यांना उचलतो, नवं नेसवतो, नाचवतो. तुझा टिमी कोपऱ्यात त्याच जुन्या चादरीत पडून असतो. त्याला वाटत असेल, माझंच काय चुकलं."

हे सांगताना नेनी रडली नाही. मीच रडले. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला आमच्याकडचं सांगितलं. आमच्या मडमने लग्नातली हळद बंद केली होती. तरी लग्नाच्या आदल्या दिवशी दार लावून नवरीला हळद लागायचीच, आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या साडीतली पिवळीधमक नवरी वेदीपुढे उभी राहायची.

नेनी खूप दिवसांनी मनापासून हसली. "आणि मडमला ते दिसायचं नाही?"

"कोण जाणे."

"दिसत असणार," ती म्हणाली. "आम्हाला सगळं दिसतं. थकलो की आम्ही बघत नाही, एवढंच."

पुढच्या उन्हाळ्यात हेरी निरोप घेऊन आला. ऑगस्टमध्ये कबर उघडायची होती. रासुआ थकली होती. पुढच्या खेपेला बहुधा ती आतच असणार होती. या वेळी टिमीला नवं कापड लावावं अशी तिची इच्छा होती. पण मनाई पाळकसाहेबांची होती, तेव्हा ती त्यांनीच उठवायला हवी. नेनीने सांगून चालणार नव्हतं. त्यांचा शब्द इतकी वर्षं पाळला होता, तो आता त्यांच्या पाठीमागे मोडायला घरातलं कुणी तयार नव्हतं.

ज्यांना हातातला चमचा कशासाठी आहे ते कळत नव्हतं, त्यांच्याकडून आता परवानगी मिळवायची होती. नेनी रोज जाऊन विचारायची. टिमीचं नाव घ्यायची, रासुआचं घ्यायची. पाळकसाहेब खिडकीबाहेर बघत बसायचे. ती परत यायची तेव्हा जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबायची. त्या दिवसांत अलार्म वाजला नाही. भात करपवण्याइतकी ताकदही तिच्यात राहिली नव्हती.

एका रविवारी हेरी आणि मी तिच्याबरोबर गेलो. नर्स तक्रार करत होती, की हे सारखं ब्लँकेट फेकून देतात. नेनीने ते उचलून त्यांच्या पायांवर घातलं. त्यांनी ते पुन्हा काढलं, पण या वेळी फेकलं नाही. दोन्ही हातांनी गोळा करून तिच्यापुढे धरलं आणि काहीतरी बोलले. ती पुन्हा घालायला गेली तसे चिडले, तेच शब्द मोठ्याने बोलले आणि ब्लँकेट तिच्या मांडीवर ठेवून दिलं.

मी हेरीकडे पाहिलं. "पोराला द्या म्हणतायत," तो म्हणाला. "पोराला थंडी वाजतेय."

नेनीने हीच परवानगी मानली. दुसऱ्या दिवशी रूथला ते कळलं तशी ती ऑफिसातून तडक नेनीकडे आली. मी उठून जायला लागले तर नेनीने मला हात धरून बसवलं.

"आई, त्यांना उकडत असेल," रूथ म्हणाली. "जुलै महिना आहे."

"तिथे एसीत सगळे काकडतात."

"आज कोणता वार ते त्यांना सांगता येत नाही!"

"वार नाही सांगता येत," नेनी म्हणाली. "थंडी कुणाला वाजतेय ते सांगता येतं."

रूथ खुर्चीवर बसली. ती रागावलेली नव्हती, दमलेली होती. "तुम्ही त्या लोकांना सगळं दिलंत. मला बोर्डिंगला टाकलंत, टिमीला त्यांच्या थडग्यात ठेवलंत. तो गेल्याचं मला शाळेत किती दिवसांनी कळलं, ठाऊक आहे ना तुला? आता तरी पुरे कर."

नेनीने उठून तांदूळ धुवायला घेतले. रूथ न जेवता गेली.

कापड आईने द्यायचं असतं, असं हेरी म्हणाला. तिकडेही मिळालं असतं, पण नेनीला ते आपल्या हातून जायला हवं होतं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी त्याच दिवशी भंडाऱ्याला फोन लावला.

"कफनाला कोसा?" आई ओरडली. "काय सांगतं वो माय! कोन गेलं?" मी सगळं सांगितलं. तशी ती म्हणाली, "चार वर्साचं पोर? नवा कोसा टोचते. दोनदा धुऊनच पाठवा लागंल."

अविनाशच्या कंपनीतला एकजण भारतातली सुट्टी संपवून परतताना कापड घेऊन आला. चांगलं साडीएवढं होतं. नेनीने ते रात्रभर उशाशी ठेवलं, सकाळी गावी निघालेल्या हेरीच्या बॅगेत स्वतःच्या हाताने घातलं आणि चेन लावली.

ऑगस्टमध्ये एका सकाळी तिने भिंत ठोकून मला बोलावलं. मादागास्करहून फोन आला होता. आवाज येत-जात होता. मागे ढोल वाजत होते, बाज्याचे सूर होते, हसणं होतं, आणि मधूनच एक चाल ऐकू आली, आमची रविवारची. पाळकसाहेबांचा शब्द हेरीने आपल्या कानांनी ऐकला होता, आणि त्याच्यावर कुणी शंका घेतली नव्हती. मग रासुआ फोनवर आली. दोघी म्हाताऱ्या बोलल्या. नेनीने फोन ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"काय म्हणाली?"

"फारसं काही उरलं नव्हतं म्हणे. पण कापड त्यांनी कापलं नाही, सगळं गुंडाळलं. वेढ्यांवर वेढे." तिने दोन्ही हात लांब करून मला माप दाखवलं. "रासुआ म्हणते, टिमी आता चांगला मोठा माणूस दिसतो. वाढलाय म्हणते."

तेव्हा ती रडली. मी तिला धरून उभी राहिले. त्या संध्याकाळी तिने भात इतका करपवला की सगळ्या मजल्याचे दरवाजे उघडले.

त्या हिवाळ्यात पाळकसाहेब गेले. पुढे अविनाशला अ‍ॅशबर्नला नोकरी लागली आणि आम्ही व्हर्जिनियाला आलो. निघताना नेनी दारात टॉवेल घेऊन उभी होती. "तिकडचा अलार्म कसा आहे बघ," एवढंच म्हणाली. फोनवर बोलायचो. आवाज दर वेळी थोडा आणखी बारीक यायचा.

दोन हजार आठच्या वसंतात रूथचा फोन आला. तिने मला कधीच फोन केला नव्हता, त्यामुळे तिचा आवाज ऐकूनच मी समजले. नेनी झोपेतच गेली होती. रूथने ते दोन वाक्यांत सांगितलं.

"रासुआच्या घरच्यांनी टिमीच्या शेजारी जागा ठेवलीय," ती म्हणाली. "मी तिला घेऊन जातेय. तुझ्या आईकडे ते कापड अजून मिळतं का?"

"मिळतं," मी म्हणाले. "किती हवं?"

"मला त्यातलं काही कळत नाही," रूथ म्हणाली. "जरा जास्तच सांग. आई उंच होती."