अक्कांच्या वहीतली ओळ

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. कुणी असले किस्से सुरू केले की मी चहा टाकायच्या निमित्तानं उठायचे. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण इतकी वर्षं पोटात ठेवलं, आता ठेववत नाही.

१९९७ ची गोष्ट. पुण्याहून बंगळूरला येऊन मला वर्ष झालं होतं. मल्लेश्वरममधल्या एका छोट्या डीटीपी ऑफिसात मी इंग्रजी कॉमिक्सचं लेटरिंग करायचे – म्हणजे पात्रांच्या तोंडाजवळ जे फुगे असतात ना, त्यांत संवाद बसवायचे. एका मालिकेत परग्रहावरचे लोक होते. त्यांची लिपी मीच तयार केली होती, चाळीस चिन्हं, सगळी माझ्या डोक्यातली. भाषा-बिषा काही नव्हती हं! लेखक स्क्रिप्टमध्ये नुसतं 'एलियन बोलतो' असं लिहून मोकळा व्हायचा आणि मी कीबोर्डवर वाट्टेल तशी बोटं आपटून फुगा भरायचे. फुगा रिकामा जाता कामा नये, एवढाच आमचा नियम.

राहायला मी जवळच, घरमालकीण अक्कांच्या घरी, वरच्या खोलीत होते. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठीत निम्मं कन्नड. "शुभा, स्वल्प थांब गं, कॉफी पिऊन जा," म्हणून रोज जिन्यातच अडवायच्या. त्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. हात-पाय सावरले, पण वाचा गेली. मराठी, कन्नड, काहीच वाचता-लिहिता येईना. त्यांचे चिरंजीव रघुअण्णा रोज वहीत स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यापुढे धरायचे. अक्का नुसत्या बघत राहायच्या. सुधारणा होईल, धीर धरा, असं डॉक्टर म्हणाले होते. आईनं एकदा आपलं नाव घ्यावं, एवढीच अण्णांची आशा होती.

एका रविवारी सकाळी नवा अंक मी त्यांच्या पलंगावर विसरले. परत आले तर अक्का वाचत होत्या. चित्रं बघत नव्हत्या, वाचत होत्या. इंग्रजी फुगे सोडून फक्त परग्रहवाल्यांच्या फुग्यांखालून बोट सरकत होतं. एका ठिकाणी तर त्या खुदकन हसल्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच!

मग त्यांनी वही ओढली आणि माझ्या चिन्हांत एक सबंध ओळ लिहिली. नक्कल करत असतील, मी म्हटलं... पण तिसरं चिन्ह मी वाकून पुन्हा पुन्हा पाहिलं. ते गिचमिड दिसतं म्हणून मी अगदी सुरुवातीलाच काढून टाकलं होतं. ते कधी छापलं नाही, कुणाला दाखवलंही नाही. तो कागद मी माझ्या हातानं फाडला होता.

अक्कांनी वही माझ्यापुढे धरली. वर पेनही दिलं. त्यांना उत्तर हवं होतं. इतक्या महिन्यांनी कुणीतरी आपलं बोलणं समजणारं भेटलंय, असे त्यांचे डोळे झाले होते. मला नाही म्हणवेना. आणि मी मूर्खासारखी, ऑफिसच्या सवयीनं, हाताला येतील ती चिन्हं खरडून एक ओळ भरली.

त्यांनी ती वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली. चेहरा उतरत गेला. मग माझं मनगट घट्ट धरून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की हे खरं का? आणि मी – हसून मान हलवली. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून हो!

त्यांनी खाली तीनच चिन्हं लिहिली, वही मिटली आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. त्या दिवसापासून घास तोंडात घेतला नाही. पाचव्या दिवशी दुपारी गेल्या. दुसरा झटका, डॉक्टर म्हणाले. असेलही.

दिवसकार्य आटोपल्यावर अण्णा वही घेऊन वर आले. "ही अक्षरं तूच केलीस ना गं? मग सांग की, काय लिहिलंय आईनं शेवटी?"

'मला नाही माहीत' असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण त्यांचा चेहरा बघवेना.

"तुमचं नाव लिहिलंय, अण्णा."

"सरी," बरं, एवढंच म्हणाले आणि डोळे पुसत खाली गेले. वहीतला तो कागद त्यांनी देवघरात लावला. पुन्हा रिकामा फुगा, पुन्हा मीच भरला.

नंतर मी त्या ओळींवर डोकं आपटून पाहिलं. काही म्हणता काही हाती लागलं नाही. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही, आणि याचा उलगडाही माझ्याजवळ नाही. अण्णांशी खोटं बोलले, ते निदान कळतं तरी. पण त्या सकाळी अक्कांनी माझं मनगट धरून विचारलं, तेव्हा मी नेमक्या कोणत्या गोष्टीला 'हो' म्हणाले, ते मला अजून माहीत नाही.